एक ओळ खाली

१२ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन महिना होत आला, उत्तर आज रविवारी लिहितोय. आळशी म्हण, विसरभोळा म्हण, पण रागावू नकोस. आम्ही दोघं बरे आहोत. हिची पाठ दुखते, तरी शिलाईचं मशीन सोडत नाही आणि नावं मात्र पाठीला ठेवते. माझे गुडघे होते तसेच आहेत. निवृत्त झाल्यापासून पाचलाच जाग येते आणि मग नऊपर्यंत काय करावं कळत नाही, असं तू लिहिलंयस, ते वाचून हसू आलं. तीस वर्षं कान-नाक-घशाच्या वॉर्डात लोकांना झोपेतून उठवून औषधं पाजलीस, आता तुला कोणी उठवत नाही तरी उठतेस.

शाळेचं विचारलंस. शाळेत लढाई चालू आहे. सगळ्या शाळांच्या चौथीसाठी एकच परीक्षा असते, ती तुला माहीत आहे. तीस प्रश्न, उत्तरांचा कागद वेगळा, त्यावर प्रत्येक प्रश्नाच्या नंबरापुढे चार वर्तुळं, बरोबर उत्तराचं वर्तुळ पेन्सिलीनं काळं करायचं. कागद यंत्र तपासतं आणि मग शाळांची यादी लागते. गेल्या वर्षी बेचाळीस शाळांत आमची बेचाळिसावी. यादी पेपरात आली त्या दिवशी सकाळी तिसरीच्या खिडकीतून दगड आला. काच फुटून एका पोरीच्या भुवईत घुसली. दगड मारणारा सापडला नाही, पण त्याचं मूल आमच्याच शाळेत असणार हे सगळ्यांना माहीत होतं.

या वर्षी हेडसरांनी रंग आणले. दर महिन्याला सराव परीक्षा घ्यायची आणि मार्कांप्रमाणे मुलांना बसवायचं. पुढे हिरवी रांग, मध्ये पिवळी, मागे भिंतीला लाल. बाकांवर तशा पट्ट्या चिकटवल्या आहेत. पंधरा दिवसांत मैदानात मारामाऱ्या सुरू झाल्या. हिरव्यांनी एका लाल पोराला धरून त्याच्या तोंडात खडू कोंबला. दुसऱ्या दिवशी लाल रांगेतल्या तिघांनी एका हिरव्याचं डोकं नळाच्या तोटीवर आपटलं, दात पडला. मी सोडवायला गेलो तर मनगटाला चावले. नऊ वर्षांची पोरं, ताई, आणि चावताना डोळे मिटत नाहीत.

हेडसरांनी मीटिंग घेतली. म्हणाले, "मुलांना हात लावायचा नाही, असा नियम आहे. मला निकाल पाहिजे. दोन्ही वाक्यं नीट ऐका." हे म्हणताना त्यांनी लाकडी पट्टी टेबलावर आपटली, ती मोडली आणि तुकडा उडून तिसरीच्या बाईंच्या गालाला लागला. बाईंनी गाल पुसला आणि मीटिंग पुढे चालू राहिली. चौथी माझी म्हणून सगळे मधूनमधून माझ्याकडे बघत होते.

आता तुझ्या वॉर्डातला एक प्रश्न. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. अंगानं एवढीशी, नेहमी आपल्याहून मोठं काहीतरी उचलून नेत असते, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. ती गुरुवारी बाकावरून पडली. डाव्या कानातून थोडं रक्त आलं, तीन-चार थेंब. कानात शिट्टी वाजते म्हणते आणि डोकं एका बाजूला कलतं ठेवते. हे आपोआप बरं होतं का? तेल कोमट करून घातलं तर चालेल का? तिच्या घरचे विचारतात म्हणून विचारतोय. लवकर लिही.

हिचा नमस्कार.

तुझा,
धाकटा

२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. "तेल घालू नका. कान कोरडा ठेवा. डॉक्टरला दाखवा. पडून कानाचा पडदा असा फाटत नाही, उघड्या हाताची थप्पड बसली की फाटतो, असे कान मी मोजले नाहीत इतके पाहिले. कोणी मारलं?"

तू पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्यासारखं लिहितेस. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं आहेत. मी फळ्याकडे तोंड करून होतो. मागे कोण कुणाला मारतं हे प्रत्येक वेळी कसं दिसणार?

पण आता त्याहून मोठं काही झालंय, ते सांगतो.

मुंगीचे वडील ट्रकचे मिस्त्री आहेत. शाळेमागच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज आहे. आडव्या अंगाचा माणूस, कमी बोलणारा, पोरीवर जीव. कान वाहायचा थांबेना म्हणून त्यांनी तिला डॉक्टरकडे नेलं आणि मंगळवारी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन शाळेत आले. हेडसरांनी मला बोलावून घेतलं. मिस्त्रींनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. कोपरे ग्रीसनं काळे झाले होते.

"पडून झालेलं नाही म्हणतात डॉक्टर," ते म्हणाले. "कुणीतरी मारलंय. कुणी ते सांगा."

हेडसरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग चष्मा काढला. "हे बघा, वर्गात असं काही झालेलं नाही. सुट्टीत मुलं शिपायाकडे असतात. तो मुलांचे कान पिरगळतो, मी त्याला ताकीद दिली आहे. अर्थात मी डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही."

शिपाई म्हणजे आमचे मामा. मुलं मामा म्हणतात, मग आम्हीही. साठीला आलेले, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. खोडकर पोरांचे कान धरतात हे खरं, आणि धरून झाले की खिशातून चिंचेची गोळी देतात, हेही खरं.

मिस्त्री माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही वर्गशिक्षक. तुम्हाला काय वाटतं?"

मी काही बोललो नाही.

त्यांनी घरी जाऊन पोरीला विचारलं असणार. तिनं होकाराची मान हलवली असणार. बुधवारी सकाळी पहिल्या घंटेच्या आधी ते फाटकातून आत आले. हातात मोठा पाना होता, चाकाचे नट सोडवायचा. मामा पाण्याच्या टाकीपाशी बादली भरत होते. मिस्त्रींनी त्यांना हाक मारली, "ए, इकडे बघ," आणि ते वळल्यावर पाना तोंडावर मारला.

आवाज वरपर्यंत आला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर होतो. मामा गुडघ्यांवर बसले आणि हात वर करून म्हणाले, "मी नाही. अहो, मी नाही." दुसरा फटका त्या हातांवर बसला. तिसरा पुन्हा तोंडावर, तेव्हा शब्द थांबले. मग मिस्त्रींनी पाना टाकला आणि लाथा घातल्या, बरगड्यांत, पोटात, कानशिलावर. बादली आडवी झाली होती, पाणी लाल होऊन मुलांच्या चपलांपर्यंत वाहत आलं. चाळीसएक मुलं उभी होती. एकही ओरडलं नाही. काही हिरवी पोरं लाथा मोजत होती, मी त्यांचे ओठ हलताना पाहिले.

शेवटी रस्त्यावरच्या दोघांनी मिस्त्रींना मागून धरलं. पोलीस आले, त्यांना घेऊन गेले. मामांचा जबडा तीन ठिकाणी मोडलाय. तारेनं बांधलाय. उजवा डोळा राहील की नाही सांगता येत नाही. बोलता येत नाही, नळीनं पातळ घालतात.

जिना चौदा पायऱ्यांचा आहे. माझे गुडघे तुला माहीत आहेत. मी खाली पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

हेडसरांनी दुपारी सगळ्यांना बोलावून सांगितलं, प्रकरण पोलिसांत आहे, कुणी बाहेर बोलायचं नाही, बारा तारखेला परीक्षा आहे, मुलांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही. टाकीपाशी फिनेल टाकून घासलं, डाग गेला नाही, म्हणून वर पायपुसणं टाकलंय.

मुंगी शाळेत येते. लाल रांगेत कडेला बसते. मी प्रश्न विचारला की मान वळवून उजवी बाजू माझ्याकडे करते.

हे वाचून लगेच काही लिहू नकोस. मला आधीच खूप कामं आहेत.

धाकटा

२३ मार्च

ताई,

सात आठवडे तुझं पत्र नाही. मी लिहू नकोस म्हटलं आणि तू खरंच लिहिलं नाहीस. तुझं बरोबर आहे. खोटं लिहिणाऱ्याला उत्तर तरी काय द्यायचं?

मुंगीला मी मारलं.

गुरुवारी, नऊ जानेवारीला, दुसऱ्या तासाला. सराव परीक्षेचे कागद तपासत होतो. बरोबर वर्तुळांच्या जागी भोकं पाडलेला पुठ्ठा माझ्याकडे असतो, तो कागदावर ठेवला की भोकातून काळं दिसेल तेवढे मार्क. मुंगीच्या कागदावर ठेवला तर तीन. तिसातले तीन. आदल्याच दिवशी हेडसर दारात उभे राहून सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, "यंदाही तुम्हीच बुडवणार आम्हाला." मी तिला टेबलापाशी बोलावलं. विचारलं, "हे काय आहे?" ती कागदाकडे बघत म्हणाली, "सर, मी केलंय." नुसतं एवढंच. मला वाटलं ती माझी थट्टा करतेय. मी पूर्ण हात उचलून मारला. टेबलामागून उठून, नीट उभं राहून.

ती दोन बाकांच्या मध्ये पडली. रडली नाही. उठून बसली आणि इकडेतिकडे बघायला लागली, आवाज कुठून येतोय ते शोधत असल्यासारखी. मग कानाला हात लावला आणि बोटं बघितली.

सत्तेचाळीस मुलं बघत होती. मी म्हणालो, "बाकावरून पडलीस ना गं?" आणि तिनं सांगितलं, "हो सर, पडले." वर्गाकडे वळून विचारलं, "कशी पडली?" आणि वर्ग एका सुरात म्हणाला, "बाकावरून." पाढे म्हणतात तसं, ताई.

संध्याकाळी घरी माझा तळहात लाल होता. हिनं विचारलं, तर फळा घासताना खरचटलं म्हणालो.

दुसरं खोटं. मिस्त्रींनी मला विचारलं तेव्हा मी काही बोललो नाही, असं तुला लिहिलं. मी बोललो होतो. मी म्हणालो, "मामांचा हात तसा जडच आहे." हेडसरांनी नुसता इशारा केला होता, नाव मीच पक्कं केलं.

तिसरं. चौदा पायऱ्या उतरायला माझ्या गुडघ्यांनाही पाव मिनिट लागतं. मी उतरलो नाही. कठडा धरून उभा राहिलो. दुसरा फटका बसायच्या आधी मामांनी वर बघितलं होतं, थेट माझ्याकडे. त्यांना पटकन काही सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. मलाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी दवाखान्यात गेलो. त्यांची मुलगी बाहेर डॉक्टरांशी बोलत होती. तोंड एवढं सुजलं होतं की ओळखू आले ते हातांवरून, आणि त्यातला एक प्लास्टरमध्ये. उशाशी वही होती, बोलता येत नाही म्हणून. मी म्हणालो, "मामा, कसं वाटतंय?" काय विचारावं याची अक्कल नव्हती. त्यांनी डाव्या हातानं वेडंवाकडं लिहिलं. "घंटा द्यायला चाललो होतो. खिडकीतून बघितलं." मी वाचलं. त्यांनी वही परत घेऊन खाली आणखी लिहिलं, "तुमची नोकरी आहे म्हणून बोललो नाही." मग डोळा मिटला. एकच मिटता येतो, दुसऱ्यावर पट्टी आहे, आणि पट्टीखाली आता काही नाही.

त्या रात्री मी मुंगीचा कागद काढला. तो मी फाडून टाकला नव्हता, का ते माहीत नाही. पुठ्ठ्याशिवाय एकेक प्रश्न वाचत गेलो. पहिली तीन उत्तरं जागच्या जागी होती. चौथ्याला मात्र तिच्याकडून वर्तुळांची एक ओळ चुकून सुटली होती. चौथ्याचं उत्तर पाचव्यासमोर, पाचव्याचं सहाव्यासमोर, शेवटपर्यंत सगळं एक ओळ सरकलेलं. चौथ्यापासून पुढे मी पुठ्ठा एक ओळ खाली धरला. पहिले तीन धरून तिसातले सत्तावीस. माझ्या हिरव्या रांगेतही त्या महिन्यात कुणाला सत्तावीस नव्हते.

आणि तरीसुद्धा मी परीक्षेपर्यंत थांबलो. निकालापर्यंत थांबलो. स्वतःला सांगत होतो, पोरांची परीक्षा होऊन जाऊ दे. परीक्षेत शेवटचे पाच प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवतात, ऐकून उत्तर द्यायचं असतं. बाहेरचे सर वाचायला आले होते, तिच्या डाव्या बाजूला उभे राहिले. मी दाराच्या काचेतून बघत होतो. तिनं मान वळवली तर ते ओरडले, "पुढे बघ, कॉपी करतेस काय?" ती पुढे बघत बसली. पाचही वर्तुळांच्या ओळी कोऱ्या.

दहा मार्चला यादी लागली. आमची शाळा अकरावी. हेडसरांचा सत्कार झाला, फाटकावर मोठा फलक लागला, त्यावर माझाही फोटो आहे. मला भाषण करायला उभं केलं. पायपुसणं अजून टाकीपाशी होतं. मी दोन वाक्यं बोललो, काय बोललो आठवत नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथून तसाच उतरलो आणि गॅरेजला गेलो.

मिस्त्री जामिनावर सुटले होते. ट्रकखालून बाहेर आले आणि मला बघून बसायला टायर पुढे केलं. "बसा, सर. शाळेचं नाव झालं म्हणे."

मी उभाच राहिलो. "मामांनी मारलं नव्हतं," मी म्हणालो. "मी मारलं."

त्यांनी फडकं घेतलं आणि एकेक बोट पुसत राहिले. "परत सांगा."

मी परत सांगितलं. वार, तास, सगळं.

"म्हाताऱ्याला माहीत होतं?"

"हो. त्यांनी पाहिलं होतं."

"मग बोलला का नाही?"

"बोलले की. मी नाही, मी नाही, म्हणत होते."

मला वाटलं ते माझ्यावर येतील. मी त्याचीच तयारी करून गेलो होतो, खरं तर तेच मागायला गेलो होतो. ते वळले, ट्रकच्या दारापाशी गेले आणि दाराच्या कडेवर कपाळ आपटलं. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. लाकूड फोडतात तसं, न थांबता. पत्र्यावर रक्ताचा ओघळ आला. मी मागून मिठी मारून ओढायला गेलो, तेव्हा मात्र त्यांचं कोपर माझ्या बरगडीत आलं आणि आम्ही दोघं सांडलेल्या ऑइलमध्ये पडलो. ते माझ्या छातीवर बसले. दोन्ही अंगठे गळ्यावर ठेवून दाबायला लागले. त्यांच्या कपाळाचं रक्त माझ्या डोळ्यांत ठिबकत होतं, मला दिसेनासं झालं. मी हात वर केले नाहीत. धैर्य म्हणू नकोस याला. मला वाटलं, होऊन जाऊ दे.

मुंगीची आई आतून धावत आली आणि तिनं पाण्याची बादली आमच्यावर ओतली, भांडणाऱ्या कुत्र्यांवर ओततात तशी. मिस्त्रींचे हात सुटले. ते भिंतीला टेकून बसले आणि हुंदके द्यायला लागले. "मी त्याचा डोळा काढला," एवढंच म्हणत होते. "त्याचा डोळा काढला मी."

आईनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्यासमोर उभी राहिली. मी उठून बसलो होतो, श्वास घेताना बरगडी टोचत होती. तिनं हात उचलला नाही. विचारलं, "तिनं केलं काय होतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "तिचं बरोबर होतं."

तिनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "उठा. ठाण्यात चला." आणि ती पुढे, मी मागे, असे ऑइलनं माखलेले आम्ही भर बाजारातून चालत गेलो. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. फलकावरचा माणूस आहे हे काहींनी ओळखलं.

जबाब लिहून दिला. दुसऱ्या दिवशी निलंबनाचा कागद आला. हेडसर म्हणाले, "निकाल लागल्यावर तरी गप्प बसायचं होतं." त्यांनी मिस्त्रींना काय सांगितलं तेही मी लिहून दिलंय, त्यांचीही चौकशी आहे. मिस्त्रींवरचा खटला टळणार नाही, डोळा गेलाय. ते रोज मामांच्या घराबाहेर जाऊन उभे राहतात. मामांची मुलगी दार उघडत नाही. आमची ही माहेरी गेली आहे. मी घरी येऊन तिला सांगितलं तेव्हा तिनं मशीनवरचं कापड तसंच सोडलं आणि उठली. माझ्या दोन बरगड्या मोडल्यात, बऱ्या होतील.

आई-बाबा गेल्यावर मला तू वाढवलंस. दिवसभर वॉर्डात राबून रात्री माझी गणितं घेतलीस, मी तीन-तीनदा तीच चूक करायचो, तू एकदाही हात उचलला नाहीस. तेव्हा मार खाल्ला म्हणून मारलं, असंही मला म्हणता येत नाही. हे माझं मीच कुठूनतरी आणलं.

परवा मुंगीचा जबाब झाला. तिला आई घेऊन आली होती, मलाही बोलावलं होतं. ठाण्यातल्या अधिकारी बाई चांगल्या होत्या. टेबलामागून उठून तिच्या उजव्या बाजूला येऊन बसल्या आणि विचारलं, "बाळा, तुला कुणी मारलं होतं?"

मुंगीनं आईकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सर, सांगू?"

मी म्हणालो, "सांग."

"सरांनी," ती म्हणाली.

"का मारलं?"

"माझं चुकलं होतं म्हणून."

मी तोंड उघडलं तर अधिकारी बाईंनी हात वर करून मला थांबवलं. जबाब चालू असताना मला बोलायची परवानगी नव्हती. शेजारच्या माणसानं तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, माझं चुकलं होतं म्हणून, आणि त्याखाली तिची सही घेतली. तिनं वळणदार अक्षरात, रेघेवर नीट टेकवून सही केली.

तुझा म्हणवून घ्यावं की नाही, ते तुझ्यावर सोडतो.

धाकटा